आकडा थांबेपर्यंत

मंगळवारी सकाळी शशीताई गेल्या. त्यांच्या मुलानं, निखिलनं, फोनवर निरोप पाठवला. निरोप मराठीत होता, अक्षरं इंग्रजी होती. मी तो मोठ्यानं वाचला तेव्हा मला कळला. मग लावण्याचा फोन आला. ती तेलुगू, नावापुढे आदराचं 'गारू' लावून म्हणाली, "वैजयंती गारू, मी निघाले आहे." मी म्हटलं, "मीही निघते." एवढंच आम्ही बोललो.

लावण्या ही कुकटपल्लीच्या एका औषध कारखान्यातल्या तपासणी प्रयोगशाळेची आजची प्रमुख. तिच्याआधी त्या खुर्चीवर शशीताई होत्या. हीच लावण्या एकदा त्या प्रयोगशाळेतून कायमची जायची होती, आणि जाताना कपाळावर खोटेपणाचा शिक्का घेऊन जायची होती. ती का गेली नाही, हे सांगितलं की शशीताई बऱ्याचशा सांगून होतील. पण मला लिहायला वेळ लागतो, आणि शशीताईंना घाईनं लिहिलेलं आवडलंही नसतं.

आम्ही दोघी काचीगुड्याच्या. त्यांचं घर स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत, माझं पलीकडच्या. कारखान्याची बस दोघींना एकाच नाक्यावर घ्यायची, त्यामुळे ओळख कारखान्यात होण्याआधी बसमध्ये झाली. मी मराठी घेऊन एम. ए. केलेली, आणि नोकरी मात्र कागदपत्रांच्या विभागात. प्रयोगशाळेत जे घडलं ते स्वच्छ इंग्रजीत मांडून अहवाल लावायचा, हे माझं काम. शशीताई रसायनशास्त्राच्या. माझ्या हातात नेहमी एखादं पुस्तक असायचं, त्या खिडकीशी बसून बाहेर बघायच्या. त्या मला वैजू म्हणत. मी त्यांना ताई म्हणायची, पण ते नात्याचं नव्हतं. त्यांच्याकडे बघून तोंडात दुसरं काही येत नसे.

दिसायला त्या ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. भालकीकडच्या शेतकरी घरातल्या बायकांची असते तशी दणकट चाल. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायची सवय. डब्यात बहुतेक ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. त्यांच्या घरातली अंबाडी अर्धी मराठी आणि अर्धी तेलुगू होती, म्हणजे लसूण आपल्यासारखा आणि मिरची त्यांच्यासारखी. आणि डब्याचं झाकण त्यांना कधीही उघडता येत नसे. कारखान्यातल्या मोठमोठ्या भानगडींत जिचा आवाज चढला नाही, ती बाई स्टीलच्या डब्यापुढे लालबुंद व्हायची. परतीच्या बसमध्ये राहिलेली भाकरी खायची म्हणून झाकणाशी झटापट सुरू झाली की आमचे ड्रायव्हर युसूफभाई सिग्नलला गाडी थांबवून हात मागे करायचे.

"लाओ इधर. क्या मॅडम, पूरी लॅब संभालते, एक डब्बा नै संभलता?"

"लॅब को झाकण नै है ना, युसूफभाई," शशीताई म्हणायच्या.

प्रयोगशाळेत एक लहानशी खोली होती. तिथे सूक्ष्म वजनाचा काटा ठेवलेला असे. त्याला सगळे बॅलन्स म्हणत. चारी बाजूंनी काच, आत एक छोटी तबकडी, समोर आकडे. हा काटा इतका हळवा की जवळ कुणी जोरात श्वास सोडला तरी शेवटचे आकडे पळायला लागायचे. म्हणून तो एका जाड दगडी ओट्यावर ठेवलेला. ओटा स्वतःच्या खांबांवर उभा, आणि भिंतीपासून बोटभर दूर. भिंतीतून येणारा हादरा दगडात उतरू नये म्हणून ही फट. वजन करायचं म्हणजे पदार्थ तबकडीवर ठेवायचा, काच सरकवून बंद करायची आणि हात मागे घेऊन उभं राहायचं. आकडे आधी धावतात, मग चालतात, मग एक शेवटचा आकडा खालीवर करत राहतो. तो थांबला की मगच लिहायचं. नवीन मुलं तिथेच चुकायची. आकडा थांबतोय असं वाटलं की लिहून मोकळी व्हायची.

"आकडा थांबू दे," शशीताई मागून म्हणायच्या.

हळूहळू हे वाक्य काट्याच्या खोलीबाहेर आलं. कुणी दुसऱ्याची तक्रार घेऊन तणतणत आलं की त्या खुर्ची पुढे करायच्या, पाण्याचा ग्लास ठेवायच्या आणि "आकडा थांबू दे, मग बोल" म्हणून आपलं काम करत बसायच्या. एकदा खरेदी विभागाचे एक गृहस्थ असेच आले. त्यांनी आणलेलं काचसामान प्रयोगशाळेनं नाकारलं होतं. ते उभ्यानंच बोलत होते, शशीताई ऐकत होत्या. मध्येच ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही बोलतच नाही!" त्या म्हणाल्या, "तुमचं अजून धावतंय, साहेब. चालायला लागलं की बोलते." बाहेर मुलं तोंडाला हात लावून हसली. गृहस्थही हसले, आणि हसल्यावर त्यांना भांडता येईना.

मला वाटायचं, काही माणसं मुळातच थंड असतात, तशा या. एकदा बसमध्ये मी तसं म्हणाले. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "मी थंड नाही गं. माझ्या वडिलांचा राग अख्ख्या गल्लीला माहीत होता. तो घरात दुसऱ्या कुणाकडे गेला नाही, माझ्याकडेच आला."

मग त्यांनी सांगितलं. नव्यानं प्रमुख झाल्या तेव्हाची गोष्ट. मूर्ती नावाचे एक वयस्कर सहकारी होते. त्यांच्या हातून एक फ्लास्क फुटला आणि दिवसभराचं काम वाया गेलं. शशीताई सगळ्यांसमोर त्यांना नको नको ते बोलल्या. मूर्तींनी काचा गोळा केल्या, हात धुतले, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विभागात बदली मागून गेले. त्यानंतर आवारात शशीताई समोरून येताना दिसल्या की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जात.

"शिवी दिली असती त्यांनी मला, तर बरं झालं असतं," शशीताई म्हणाल्या. "निवृत्त होईपर्यंत तो माणूस पलीकडून चालला, वैजू. प्रमुखाचा राग म्हणजे असा. आपलं दोन मिनिटांत होतं, समोरचा जन्मभर रस्ता ओलांडतो."

त्यानंतर त्यांनी एक नेम धरला. काटा बरोबर आहे ना हे रोज सकाळी तपासावं लागतं. मखमलीच्या पेटीतलं ठरावीक वजन चिमट्यानं उचलून तबकडीवर ठेवायचं आणि आकडा जुळतो का बघायचं. हे काम सगळ्यात कनिष्ठाचं. शशीताईंनी ते स्वतःकडे घेतलं. बस पोचली की बाकीचे चहाला जायचे, त्या काट्याच्या खोलीत. दार लावायचं, वजन ठेवायचं, काच सरकवायची, हात मागे बांधून उभं राहायचं. आकडा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघायचं. घरून आणलेलं, बसमध्ये आठवलेलं, आज कुणाला काय सुनवायचं ते, सगळं त्या आकड्याबरोबर धावायचं आणि मग थांबायचं. नंतरच त्या आपल्या खुर्चीवर जायच्या.

"आमच्याकडे कुणी पोथी वाचतं, कुणी फिरायला जातं. मी वजन ठेवते," त्या म्हणायच्या. "मी शांत नाही. रोज होते."

दिवसातलं अवघड बोलणंही त्या सकाळीच उरकायच्या, तो थांबलेपणा ताजा असताना. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि प्रयोगशाळाही त्यांच्याबरोबर निवांत झाली.

मग लावण्याचं ते प्रकरण झालं.

लावण्या तेव्हा नवी होती, दुपारच्या पाळीला. हृदयाच्या रुग्णांसाठीची एक गोळी तपासायची होती. तिच्यात औषधाचं प्रमाण फार थोडं, त्यामुळे वजनात केसाइतका फरक पडला तरी निकाल बिघडायचा. आणि निकाल बिघडायला लागले. कधी जास्त, कधी कमी, कधी बरोबर. सकाळच्या पाळीचे सगळे ठीक, वेडेवाकडे तेवढे लावण्याचे. आधी कुजबुज झाली, मग उघड बोलणं. ही पोरगी वजन करतच नाही, मनानं आकडे लिहिते. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा आरोप नाही. तो एकदा लागला की शहरातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेचं दार उघडत नाही. लावण्याच्या घरात महिन्याच्या पगाराची नोकरी मिळवणारी ती पहिलीच. तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. ती जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसायची.

कारखान्याचे प्रमुख प्रसाद राव यांनी शशीताईंना बोलावलं. खुलासा लिहायचा म्हणून मीही बरोबर होते. माल घेणाऱ्यांची माणसं पाहणीला येणार होती, त्याआधी प्रकरण मिटायला हवं होतं.

"संध्याकाळपर्यंत मला नाव हवं, शशी गारू. मुलीचं नाव घाला, तिला काढा, संपलं."

"आकडा अजून थांबला नाही, सर."

"हे काय देवघर आहे का? हात जोडून वाट बघायची?"

"हात मागे बांधून," शशीताई म्हणाल्या. ते चिडले. त्या उठल्या.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी लावण्याला काट्याच्या खोलीत बोलावलं. मी दाराच्या काचेबाहेर उभी. लावण्याचे डोळे सुजलेले. शशीताईंनी मखमलीची पेटी उघडली आणि तिला म्हणाल्या, "तू ठेव." लावण्यानं वजन ठेवलं, काच सरकवली, हात मागे घेतले. आकडे धावले, चालले, थांबले. बरोबर. काढ, पुन्हा ठेव. बरोबर. मला वाटलं, झालं. काटा चांगला आहे, म्हणजे दोष मुलीचा.

शशीताई हलल्या नाहीत. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, सकाळी राहतात तशा. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग भिंतीपलीकडचा मोठा कंप्रेसर सुरू झाला. तो सकाळच्या पाळीत बंद असायचा, दुपारी थोड्या थोड्या वेळानं चालायचा. त्याची घरघर आम्हाला इतकी सवयीची की ऐकू येत नसे. आणि थांबलेला शेवटचा आकडा हलला. एक पुढे गेला, दोन मागे आला. वजन तबकडीवर तसंच, काच बंद, कुणी श्वासही घेत नव्हतं, आणि आकडा सरपटत होता. कंप्रेसर बंद झाला. आकडा थांबला.

शशीताई खाली वाकल्या. ओटा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत बोट घालायला गेल्या. बोट गेलं नाही. फट नव्हती. तिथे पांढरं सिमेंट होतं, अगदी सफाईनं भरून वर रंग दिलेलं.

त्या तशाच उकिडव्या बसून राहिल्या. मग उठून लावण्याला म्हणाल्या, "जेवलीस का?"

लावण्यानं नाही म्हणून मान हलवली.

"जा, जेवून ये. तुझा हात बरोबर आहे. दगड भिंतीला चिकटलाय."

ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "वैजू, ही फट मी बुजवली."

झालं होतं असं की पाहणीसाठी रंगकाम निघालं होतं. मेस्त्रीनं त्यांना गाठून विचारलं होतं, "मॅडम, ये फट भर देऊं? कचरा जाता इसमें." त्यांच्या कानाला फोन होता, पलीकडचा माणूस हुज्जत घालत होता, आणि डोकं तापलेलं होतं. फटीत धूळ साचते, पाहणीवाले नाक मुरडतात, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. "भर दो," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ओटा भिंतीला टेकू नये हे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवणारी बाई.

संध्याकाळी प्रसाद रावांच्या खोलीत सगळे विभागप्रमुख होते. शशीताईंनी आधी काट्याचं सांगितलं, कंप्रेसरचं सांगितलं, मुलीचं काम चोख आहे हे सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला नाव हवं होतं, सर. शशिकला लिहा. फट बुजवायला मी सांगितलं."

प्रसाद राव वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मेस्त्रीचं घाला ना, अम्मा. तो बाहेरचा. त्याला काय फरक पडतो?"

"मेस्त्रीनं विचारलं होतं. मी हो म्हटलं."

आवाज रोजचा होता. चहा सांगताना असतो तसा. मी त्यांच्या शेजारी बसले होते म्हणून मला टेबलाखालचे त्यांचे हात दिसले. एक हात दुसऱ्यानं घट्ट धरून ठेवलेला होता. मी पुस्तकांत शांत माणसांबद्दल पुष्कळ वाचलं आहे. ते हात त्यात कुठे वाचल्याचं आठवत नाही.

लावण्या राहिली. शशीताईंची त्या वर्षीची बढती राहून गेली. त्याबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि मला वाटतं, त्यांनी फारसा विचारही केला नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये मात्र त्या हसायला लागल्या. आधी मला वाटलं, रडतायत.

"काय झालं, ताई?"

"अगं, रोज सकाळी मी त्या खोलीत जाऊन उभी राहायची. कंप्रेसर बंद. माणसं चहाला. सगळं शांत असताना जाऊन बघायची, शांत आहे का! आणि खूश व्हायची, वा शशिकला, आकडा कसा थांबला." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दुपारी एकदाही गेले नाही. दुपारी ती पोर एकटी त्या आकड्यामागं धावत होती."

मग त्यांना आठवलं की आपणही जेवलो नाही. डबा निघाला, झटापट झाली. युसूफभाईंनी आरशातून बघितलं आणि सिग्नल येण्याची वाट न बघता हात मागे केला. "आज भी नै संभला?"

"आज तो कुछ भी नै संभला, युसूफभाई," त्या म्हणाल्या आणि भाकरीचा एक तुकडा त्यांना दिला, एक मला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. सिमेंट छिन्नीनं काढलं. त्यानं पट्टी लावून विचारलं, किती ठेवू? शशीताईंनी फटीत बोट घालून दाखवलं. इकडून तिकडे बोट अडखळता कामा नये.

त्यानंतर त्यांचा नेम बदलला. सकाळचं वजन त्यांनी कनिष्ठांना देऊन टाकलं. त्या आता दुपारी जायच्या, कंप्रेसर चालू झाला की. पलीकडे घरघर, दाराबाहेर माणसं, फोन वाजतोय, आणि त्या हात मागे बांधून आकड्याकडे बघतायत. अवघड बोलणी, भांडणं, तक्रारीसुद्धा त्या दुपारीच ऐकू लागल्या. पहिले काही महिने जमलं नाही. एकदोनदा आवाज चढला, आणि चढल्यावर त्या समोरच्याला म्हणाल्या, "थांब, माझाच हलतोय." लोकांना त्याचंही काही वाटेनासं झालं. मला तर त्या नंतरच्या शशीताई जास्त आवडल्या. आधीच्या शांत शशीताईंपुढे आपण जरा जपून बसायचो. या नव्या शशीताईंपुढे पाय पसरून बसता यायचं.

निवृत्तीच्या दिवशी भाषण करा म्हणून मुलांनी आग्रह केला. त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे बघितलं, "कंप्रेसर चालू असताना बघत जा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. नव्यांना वाटलं, यंत्राबद्दल बोलतायत. तेही बरोबरच होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काचीगुड्याच्या नाक्यावर, जाण्याच्या थोडे दिवस आधी. हृदयाचं दुखणं होतं, गोळ्या चालू होत्या. पण हातात पिशवी होती आणि चष्मा डोक्यावर होता. भाजीच्या गाडीवर त्या टोमॅटो घेत होत्या. गाडीवाल्यानं टोमॅटो काट्यावर टाकले, आकडे नाचले, तो लगेच पिशवीत ओतायला लागला. शशीताईंनी हात आडवा धरला.

"जरा ठैरो जी."

"अम्मा, टमाटे हैं, सोना नै. दो चार ग्राम के वास्ते कित्ता देखते?"

"ग्राम के वास्ते नै देखरी. तुम देखो तो सही, कैसा रुकता."

मागे दोन रिक्षा भोंगे वाजवत होत्या. स्टेशनात गाडी आली होती, माणसांचा लोंढा बाहेर पडत होता, कुणाची तरी पेटी शशीताईंना लागून गेली. गाडीवाला आणि त्या, दोघं खाली मान घालून त्या छोट्या लाल आकड्यांकडे बघत होते. आकडा थांबला. गाडीवाला का कोण जाणे, हसला. त्यांनी पिशवी पुढे केली. मी दोन गाड्या सोडून उभी होते. हाक मारणार होते, पण त्या चांगल्या दिसत होत्या, म्हणून मारली नाही.

तेराव्यानंतर लावण्यानं मला प्रयोगशाळेत बोलावलं. मुलांनी शशीताईंचा फोटो लावला होता, तो किंचित वाकडा होता. चहा झाला. मग लावण्या म्हणाली, "चला," आणि मला काट्याच्या खोलीत घेऊन गेली. काटा नवा आहे, जुन्यापेक्षा लहान. दुपार होती आणि पलीकडे कंप्रेसर चालू होता. तिनं मखमलीच्या पेटीतून वजन काढलं, ठेवलं, काच सरकवली, हात मागे बांधले. आम्ही दोघी उभ्या राहिलो. आकडा थांबला.

मग मी वाकून ओट्यामागे हात घातला. दगड आणि भिंत यांच्यामध्ये एक बोट जाईल एवढी जागा आहे.